गोल्डफिश वर येऊन तोंड उघडतोय? औषधाआधी पाणी तपासा

कोल्हापुरात ओळखीच्या घरांतले फिशटँक मी बरीच वर्षं दुरुस्त करत आलोय. बोलावणं येतं ते बहुतेक एकाच तक्रारीचं. गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करतोय, खात नाही, दुकानातून आणलेलं निळं औषध ओतलं तरी फरक नाही. याची कारणं मोजकीच असतात आणि त्यातली बहुतेक माशात नसून पाण्यात असतात. म्हणून तपासणीचा क्रम लिहून ठेवतोय. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोड्या पैशाच्या, आणि औषध सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- मासा पाण्याच्या वरच्या थराला लागून राहतो, हवा गिळतो, कल्ले भराभर हलवतो.
- नाहीतर तळाच्या कोपऱ्यात बसून राहतो, पर अंगाला चिकटवून घेतो.
- मध्येच सुसाट पळतो, खडीला किंवा काचेला अंग घासतो.
- शेपटीवर आणि परांवर लाल रेषा दिसतात, कडा झिजायला लागतात.
- पाणी धूसर, दुधट होतं.
- टँक स्वच्छ धुतला की दोन-चार दिवसांनी हे सगळं पुन्हा सुरू होतं.

शेवटचं लक्षण बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलतं. त्यामुळे मी आधी विचारतो ते "काय झालं" नाही, "केव्हापासून झालं". पाणी बदलल्यावर तासा-दोन तासांत त्रास सुरू झाला तर संशय क्लोरीनवर किंवा तापमानाच्या धक्क्यावर. दोन-चार दिवसांनी झाला तर अमोनिया, म्हणजे माशानंच पाण्यात सोडलेलं विष. रोज पहाटेच होतो आणि दुपारपर्यंत मासा सावरतो, तर रात्री ऑक्सिजन कमी पडतोय. आणखी एक फरक बघा. सगळे मासे एकदम बिघडले असतील तर दोष पाण्याचा, एकच बिघडला असेल आणि बाकीचे मजेत असतील तर त्या माशाचा.

आधी एवढं करा

खाणं बंद. हवेचा पंप पूर्ण जोरात. औषध काहीही नाही.

खाणं बंद म्हटलं की घरातली मुलं रडकुंडीला येतात, पण मोठा, धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. पोटात गेलेलं अन्न शेवटी अमोनिया होऊनच बाहेर पडतं, आणि न खाल्लेलं तळाला कुजून तेच करतं. आजारी पाण्यात दाणे टाकणं म्हणजे त्रास वाढवणं.

हवा

पंप चालू आहे का, हे बघायला पैसे लागत नाहीत. बऱ्याच घरांत आवाजामुळे झोप लागत नाही म्हणून रात्री तो बंद करतात. टँकमध्ये झाडं किंवा हिरवं शेवाळ असेल तर तीही अंधारात ऑक्सिजन खातात, आणि पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. पंप चोवीस तास चालला पाहिजे. आवाज येत असेल तर खाली स्पंजचा तुकडा ठेवा. बुडबुडे कमी झाले असतील तर एअर स्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड) चोंदलाय, तो बदला.

बुडबुडे स्वतः फारसा ऑक्सिजन देत नाहीत. ते पाणी हलवतात, आणि हलत्या पृष्ठभागातून हवा पाण्यात विरघळते. म्हणून पाण्याचा वरचा थर हलतोय का, ते बघा. त्यावर तेलकट साय धरली असेल तर साधा कागद पाण्यावर पसरून उचला, साय त्याला चिकटून येते.

पंप खोलीतलीच हवा ओढतो, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्या खोलीत डासांचा स्प्रे मारला, रंगकाम काढलं, गणपतीत दिवसभर धूप-उदबत्ती चालली, तर तेही पाण्यात उतरतं. कीटकनाशक माशांना फार थोड्या मात्रेत मारतं. गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या लावा, टँकवर ओलं फडकं टाका आणि धूर विरेपर्यंत तेवढा वेळ पंप बंद ठेवा.

तापमान

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. त्याला १८ ते २४ अंश सेल्सियस मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हॉलमधला टँक सहज ३० च्या वर जातो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते आणि पाण्याची ऐपत घटते. एक साधा थर्मामीटर काचेला लावून ठेवा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

उन्हाळ्यात झाकण काढून जाळी टाका आणि टेबलफॅनचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे करा. बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. बर्फ थेट टाकू नका. फारच तापलं असेल तर गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवा आणि थोड्या वेळानं काढा. एकदम थंड केलं तर त्या धक्क्यानंच मासा आजारी पडतो.

गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी उन्हाळ्यात कढत असतं. ते बादलीत काढून रात्रभर ठेवल्याशिवाय वापरू नका. हिवाळ्यात उलट होतं. गार पाणी कोमट करायला काही घरांत बंबातलं पाणी मिसळतात. बंब तांब्याचा असेल तर ते पाणी माशाला अजिबात नको. पिण्यासाठी तांब्याच्या घागरीत साठवलेलं पाणीही नको. माणसाला चालणारं तांबं माशाच्या कल्ल्यांना विष आहे. कोमट करायचंच तर स्टीलच्या पातेल्यात करा.

पाणी कुठून आलं?

शहरात घरोघरी पाणी वेगळं. २०२३ पासून काळम्मावाडीचं थेट पाइपलाइनचं पाणी येतंय, पण नळ आला नाही की टँकर, अपार्टमेंटची बोअर, नाहीतर शेजारची विहीर. धरणाचं पाणी मऊ, बोअरचं बऱ्याचदा जड. गोल्डफिश जड पाण्यात चांगला राहतो, त्याची भीती नाही. धोका अचानक बदलात आहे. चार महिने नळाच्या पाण्यात राहिलेला टँक एका दिवसात बोअरवर नेला तर मासे दोन दिवस तळाला बसून राहतात. स्रोत बदलावाच लागला तर रोज थोडं थोडं मिसळा. आरओचं पाणी घालायची गरज नाही. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि अशा पाण्याचा पीएच (आम्लपणाचं माप) टिकत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. गावात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, तोही क्लोरीनच. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की मात्रा वाढते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये "नेहमीसारखंच पाणी बदललं की ओ, तरी मासे गेले" असं ऐकायला मिळतं. क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो आणि टँकमधले उपयोगी जिवाणू मारतो. उपाय स्वस्त आहे. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, त्यात एअर स्टोन सोडला तर आणखी चांगलं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन, म्हणजे हायपोचे खडे किंवा द्रावण, डबीवरच्या मात्रेनं वापरा. हायपो क्लोरीन मारतो, अमोनियाला हात लावत नाही, हे ध्यानात असू द्या.

जागा आणि गर्दी

टेप घ्या. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजारानं भागा, लिटर मिळतात. ६० × ३० × ३० चा टँक म्हणजे ५४ लिटर, आणि खडी वजा केली की पंचेचाळीसच्या आसपास. एवढ्यात दोन छोटे गोल्डफिश, तेही चांगला फिल्टर असेल तर. प्रत्यक्षात मला सहा-सात दिसतात.

काचेच्या गोल बाऊलबद्दल माझं मत ठाम आहे: गोल्डफिशला बाऊल नको. त्यात पाणी कमी, तोंड अरुंद, फिल्टर बसत नाही. नीट ठेवला तर हा मासा दहा वर्षं, त्याहूनही जास्त जगतो आणि हाताच्या तळव्याएवढा होतो. बाऊलमध्ये तो महिन्यांत मरतो आणि घरचे म्हणतात, गोल्डफिश टिकतच नाही. दुकानदार "चालतंय की" म्हणून बाऊल देतो, तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून मासा नेणाऱ्यानं एवढं तरी विचारावं, की फिल्टर कुठं बसवू?

फिल्टर कसा धुतला?

बहुतेक तक्रारींचं मूळ इथं सापडतं.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. तो विषारी. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर जिवाणूंचा थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. नव्या टँकमध्ये ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता रविवारची सफाई आठवा. मासे बादलीत, खडी मोरीत घासली, स्पंज नळाखाली पिळून पांढरा केला, काच साबणानं लख्ख, सगळं पाणी नवं. टँक दुकानातल्यासारखा दिसतो. पण वस्ती संपली. विरजण धुऊन टाकून दुधाचं दही व्हायची वाट बघण्यातला प्रकार. सोमवारी काही जाणवत नाही. मंगळवार-बुधवारपर्यंत अमोनिया साठतो, पाणी दुधट होतं, मासे वर येतात. घाबरून घरचे पुन्हा सगळं धुतात आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून सगळा टँक एकदम कधीच धुऊ नका. आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला. पाइपनं खडीतला गाळ ओढून घ्या. स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात दोन-तीनदा हलका पिळा. तो तपकिरी दिसला पाहिजे, पांढरा नाही. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. काचेला साबण कधीच नको. शेवाळ जुन्या, बिनसाबणाच्या स्पंजनं निघतं.

वीज जास्त वेळ गेली तरी हेच घडतं. बंद पडलेल्या फिल्टरमध्ये पाणी साचून जिवाणू गुदमरतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या काही भागांत दिवसेंदिवस वीज आणि नळ दोन्ही नव्हते. तेव्हापासून मी पावसाळ्याआधी दोन गोष्टी सांगतो: चार्जिंगचा छोटा हवेचा पंप घरात ठेवा आणि झाकणाचा एक ड्रम नळाच्या पाण्यानं भरून ठेवा. काहीच नसेल तर मग्यानं टँकचंच पाणी उंचावरून पुन्हा टँकमध्ये ओता, तासाला काही मिनिटं. वीज आल्यावर फिल्टरमधलं साचलेलं पाणी आधी फेकून द्या, मग तो सुरू करा.

टेस्ट किट

इथपर्यंत खर्च नगण्य होता. आता अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजायचं थेंबांचं किट घ्या. एका किटमध्ये पुष्कळ तपासण्या होतात. पट्ट्यांपेक्षा थेंबांवर माझा जास्त भरवसा.

अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली. अमोनिया दिसला तर चोवीस तास उघडं ठेवलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्यानं तीस ते पन्नास टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, गरज पडली तर पुन्हा बदला. आठवडाभर असं चालू शकतं. त्या काळात खाणं एक दिवसाआड आणि चिमूटभरच.

पीएच का मोजायचा? किटवर अमोनियाचा आकडा तोच असला तरी पीएच ७ ला त्यातला विषारी भाग जेवढा असतो, त्याच्या सुमारे दहापट तो पीएच ८ ला होतो. म्हणून एकाच रीडिंगवर एका घरात मासे पोहत असतात आणि दुसऱ्या घरात मरत असतात. यातून एक सापळाही तयार होतो. महिनोन्महिने पाणी न बदललेल्या टँकचा पीएच खाली गेलेला असतो, अमोनिया भरपूर असतो, पण मासे कसेबसे तग धरून असतात. तिथं अर्धं पाणी एकदम बदललं तर पीएच वर उडी घेतो, निपचित पडलेला अमोनिया विषारी होतो आणि रात्रीत मासे जातात. अशा टँकमध्ये रोज दहा टक्केच बदला.

नायट्राइट दिसला तर मीठ उपयोगी पडतं. नायट्राइटमुळे रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, कल्ले तपकिरी पडतात. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ, काट्यावर मोजून, वेगळ्या पाण्यात विरघळवून, दिवसभरात तीन-चार हप्त्यांत घाला. मीठ उडून जात नाही. नंतर जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं पुन्हा घाला. टँकमध्ये झाडं असतील तर ती आधी काढून ठेवा.

आता मासा बघा

पाणी ठीक असेल आणि तरीही मासा बरा नसेल, तेव्हाच अंगाकडे वळा. शक्यतो वेगळ्या टबमध्ये, हवेचा पंप लावून.

अंगभर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि खडीला अंग घासणं म्हणजे पांढरे ठिपके हा परजीवी आजार. पण ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीनं असतील, मासा मजेत असेल, तर तो नर आहे आणि वयात आलाय. औषध नको. खऱ्या आजारात परजीवी अंगावर असताना किंवा तळाला कोषात असताना औषध त्याला मारत नाही. तो सुटून पाण्यात पोहत असतानाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार मध्येच सोडू नका, बाटलीवरचे दिवस पूर्ण करा. सगळ्या टँकला उपचार लागतो, कारण परजीवी पाण्यात आणि तळाला असतो.

पर काळे पडले तर घाबरू नका. अमोनियाच्या जखमा भरताना असा काळेपणा बऱ्याचदा येतो.

ओरांडा, रियुकिनसारखा गोल पोटाचा मासा खाल्ल्यावर उलटा तरंगत असेल तर दोन दिवस उपाशी ठेवा. मग उकडून साल काढलेला मटारचा दाणा बारीक करून द्या. गोल्डफिशला खरं जठर नसतं, सुके दाणे पोटात फुगतात. पुढे दाणे भिजवून, बुडणारे द्या.

निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टँकमध्ये ओतू नका. ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं आणि अमोनियाचं चक्र नव्यानं सुरू होतं. टबमध्ये वापरा.

इथं थांबा

पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर हात घालू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. काचेच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर वरून सिलिकॉन थापू नका. पाणी उतरवा, मासे टबमध्ये काढा आणि जोड टँक बनवणाऱ्याकडून नव्यानं करून घ्या.

खवले उभे राहून मासा फुगलाय, डोळे बाहेर आलेत, अंगावर उघडे व्रण आहेत, किंवा दोऱ्यासारखा जंत कातडीतून लोंबतोय, तर घरचे उपाय संपले. अमोनिया-नायट्राइट शून्य असूनही एकामागून एक मासे जात असतील तरीही. खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो, हे मी आधीच सांगतो. मेडिकलमधून अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून फोडू नका. मात्रा कळत नाही आणि फिल्टर मात्र मरतो.

पशुवैद्याला फोन करून माशांचं बघतात का ते आधी विचारा. सगळेच बघत नाहीत. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, साताऱ्याकडे शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय. जवळ कोणी सापडलं नाही तर तिथं फोन करून मार्ग विचारता येतो. जाताना चार गोष्टी बरोबर ठेवा: स्वच्छ बाटलीत टँकचं पाणी, किटवरचे आकडे, माशाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, आणि आतापर्यंत काय काय औषध टाकलं त्याची यादी. यादीत लपवाछपवी नको, दोन औषधं एकत्र येऊन मासा मरू शकतो.

आणि मासा सांभाळणं जमत नाही म्हणून तो रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. तो तिथं जगला तर तळ उकरून पाणी गढूळ करतो, आणि अंगावरचे परजीवी तिथल्या माशांना देतो. मोठा टँक असलेलं घर शोधा, किंवा जिथून घेतला त्या दुकानाला विचारा. परत घेणारे दुकानदार आहेत.